लुगडं आत, नाव वर

मटण शिजून ताटात पडेपर्यंत दुकानाचा विषय कोणी काढायचा नाही, असं लताबाईंनी सकाळीच बजावलं होतं. गांगुर्ड्यांचं भांडण उपाशीपोटी सुरू झालं की वर्ष वर्ष मिटत नाही, हे त्यांनी नवऱ्याच्या आणि दिराच्या हयातीत पुरतं पाहिलं होतं. ते दोघं आता राहिले नव्हते. भांडायची खोड मात्र पोरांनी जपून ठेवली होती. म्हणून नियम: आधी रस्सा, मग बोलणं.

संतोषने तो उंबऱ्यातच मोडला. पुण्याहून गाडी हाकत आलेला धाकटा लेक, बूट काढता काढता म्हणाला, "वहिनी, वायफाय चालू आहे ना? आज दुकान उघडूनच जाणार आहे मी."

"आधी पाणी घ्या भाऊजी," रोहिणी म्हणाली. "दुकान कुठे पळून जात नाही. बंदच आहे ते."

बोलली हसून, पण दसऱ्यापासून तिच्या पोटात जे जळत होतं ते काही हसण्यासारखं नव्हतं. थंडी तोंडावर आली होती. गोधडी विकायचे दिवस म्हणजे हेच. आत्ता दुकान नसलं तर शिवलेला सगळा माल पुढच्या थंडीपर्यंत कपाटात, आणि गल्लीतल्या ज्या बायका रोहिणीच्या शब्दावर सुई घेऊन बसल्या होत्या त्या पुन्हा लोकांच्या धुण्याभांड्यांना. शब्द रोहिणीने दिला होता. चूक पण तिच्याच हातून झाली होती.

चूक म्हणजे एक टिचकी. जिथे मोबाइलच्या कव्हरापासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळं मिळतं, अशा त्या मोठ्या ऑनलाइन बाजारात तिने सासूच्या गोधड्या लावल्या तेव्हा बाजारवाल्यांनी विचारलं होतं: वस्तू नवीन की वापरलेली? रोहिणीने 'नवीन'वर बोट ठेवलं. दुसरं काय ठेवणार? कालच तर शिवून झाली होती. पुढे दिल्लीकडच्या कुणा बाईने गोधडीची शिवण उसवली, आतला विटका साडीचा तुकडा बाहेर काढला, त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'कुणाचेतरी अंगावरचे जुने कपडे आत कोंबून विकतात, शी.' दुसऱ्या दिवशी दुकान बंद. आतलं सगळं कापड नवं कोरं असेल असं लिहून द्या, मग उघडतो.

गोधडी जुन्या कापडाचीच असते. नव्या कापडाला खळ असते, थर एकमेकांवर बसत नाहीत, टाका घसरतो आणि अंगावर घेतली तर पत्रा पांघरल्यासारखं वाटतं. हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्या बाजाराच्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. पण रोहिणीला कॉम्प्युटरचा राग नव्हता. तिला त्या 'शी'चा राग होता. तो शब्द तिने सासूला वाचून दाखवला नव्हता.

सातपूर कॉलनीतल्या या घराच्या पुढच्या खोलीत ना सोफा ना टेबल. गोधडीला मोकळी जमीन लागते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी लताबाईंचे यजमान कचरू गांगुर्डे एसटी डेपोच्या गणवेशात, आणि खाली अर्धी शिवलेली गोधडी, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवून ताणलेली. जेवणं उरकली. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मोडून रस्सा पुसून खाणाऱ्या नवसाबाईंनीच शेवटी हात धुतले आणि बसकण मारली. नवसाबाई म्हणजे लताबाईंची नणंद. आदल्याच दिवशी नांदगावहून आलेल्या, सोबत आपल्या हातच्या गोधड्यांचं गाठोडं घेऊन.

"बोला आता," लताबाई म्हणाल्या. अंगावर यंदाच घेतलेली लाल काठाची सुती साडी, नाकावर चष्मा, हातात सुई. बोलायचं ते पोरांनी, त्या शिवणार.

नवनाथने तोंड उघडलं. रोहिणीचा नवरा, थोरला, आठवडाभर कारखान्यात पाळ्या करून रविवारी डोकं शांत ठेवू बघणारा माणूस. "मी सरळ सांगतो. मालेगावहून नवं सुती कापड आणू. तेच आत भरू. त्यांना पाहिजे तसं लिहून देऊ. उद्या दुकान चालू. विषय संपला."

"आणि पांघरणार कोण ते?" लताबाईंनी वर न बघता विचारलं.

"विकत घेणारा. आपल्याला काय करायचंय आई? कॅलेंडरवाला काय भिंत बघायला जातो का?"

"नवनाथ," नवसाबाई म्हणाल्या, "तुझ्या लग्नात सासऱ्यानं गादी दिली व्हती. आठवती? नव्या कापडाची, नव्या कापसाची. एक म्हयना तरी पाठ टेकली का तू तिच्यावर? खाली चटईवर झोपायचा."

"त्याचं कारण वेगळं होतं आत्या."

"कारन मला माहीत हाय. घोरायची तुझी बायको."

"आत्याबाई," रोहिणी म्हणाली, "घोरायचे हे. मी गप पडून ऐकायचे." हसणं झालं, पण तेवढ्यापुरतंच. नवनाथच्या बोलण्याचा तिला मोह पडत होता, हे तिला कबूल करावंच लागलं. मोठ्या बाजारात गिऱ्हाईक तयार होतं. एक खोटं लिहून दिलं की थंडीचा हंगाम हाती लागत होता.

संतोषने लॅपटॉप गोधडीच्या कडेला ठेवला. "दादा, तो बाजार विसर. तिथे आपल्या गोधडीच्या शेजारी चिनी ब्लँकेट असतं, आणि माणूस दोन्हीचा भाव बघून ब्लँकेट घेतो. हे बघ. ही साइट फक्त हातकामाची आहे. वाटेल त्याला घेत नाहीत. मी ओळखीने तिथल्या मॅडमपर्यंत पोचलो. जुनं कापड? इथे जुनं कापड म्हणजे सोनं. जितकं जुनं तितकं चांगलं."

"मंग मला बी लावा तिथं," नवसाबाई म्हणाल्या. "माझा फोटू येईल का?"

"आत्या, तुझा तर मोठा येईल. तुझ्यासारखे चेहरेच पाहिजेत त्यांना. सुरकुत्या, कपाळ, लुगडं."

"बघ वहिनी," नवसाबाईंनी लताबाईंना कोपर मारलं. "म्हातारी झाले तवा पोरगा म्हनतो चेहरा चांगलाय." आणि त्या संतोषच्या बाजूला सरकून बसल्या. नवनाथ एकटा पडला.

रोहिणीही मनातून सरकली. जुन्या कापडाला जिथे कोणी 'शी' म्हणणार नाही, अशी जागा असेल तर आणखी काय हवं? संतोषची बायको पूजा मात्र काही बोलत नव्हती. ती गोधडीच्या पलीकडे भिंतीला टेकून, सुईत दोरा ओवायचा बहाणा करत बसली होती. आल्यापासून तिचं तसंच चाललं होतं.

"गोष्ट लागते तिथे," संतोष म्हणाला. "वस्तूमागची. मी लिहिलीय. ऐका." त्याने घसा साफ केला. "'सह्याद्रीच्या कुशीतल्या एका दुर्गम खेड्यात, मातीच्या घराच्या ओसरीवर बसून लता आजी आपल्या नातवंडांसाठी गोधड्या शिवतात. प्रत्येक गोधडीच्या पोटात त्या आपल्या साडीचा एक तुकडा ठेवतात. तो तुकडा म्हणजे आजीच्या मायेची ऊब.'"

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याच्या कढईचा चुर्र आवाज आत ऐकू आला. नवनाथने खिडकीकडे बघितलं, मग भावाकडे.

"दुर्गम म्हणजे कोणत्या बस स्टॉपला उतरायचं रे संत्या?"

"मातीचं घर कुठंय?" लताबाईंनी विचारलं. "तुझ्या बापाने पीएफ काढून स्लॅब टाकला. माती उचलून उचलून माझी कंबर गेली, म्हणून काय मातीचं घर झालं?"

"आई, ते तसं लिहावं लागतं. लोकांना आवडतं."

नवसाबाई मात्र हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात. "मायेची ऊब," त्या म्हणाल्या. "काय म्हनला, मायेची ऊब?"

"आत्या, त्यात हसण्यासारखं काय आहे? तुकडा घालताच ना तुम्ही? आजीपासून घालतात, आईनेच सांगितलंय."

"घालतो की. पर का घालतो ते तुला ठावं नाय." नवसाबाईंनी पदराने डोळे पुसले. "वहिनी, सांगितलं नाय का पोरांना?"

लताबाईंची सुई थांबली. "कधी विचारलं नाही त्यांनी."

रोहिणीने मान वर केली. या घरात आल्यावर पहिल्याच गोधडीला सासूने तिच्याकडून तिच्या माहेरच्या साडीचा तुकडा मागून घेतला होता. 'आपल्यात घालतात,' एवढंच म्हणाल्या होत्या. जी शिवेल तिच्या अंगावरचं कापड, बाकी कुणाचं नाही. रोहिणीने कधी विचारलं नाही. सुनेनं विचारायचं नसतं, आणि पोरांना विचारायची गरज वाटत नाही. घरातल्या बायकांच्या कामाचं 'का' असंच मरून जातं.

"माझी माय कुसाबाई," नवसाबाई सांगायला लागल्या, "तुमची आजी. निफाडकडं व्हतो आम्ही तवा. गावातल्या मोठ्या घरच्या गोधड्या तीच शिवायची. घरात नाय, मागं गोठ्याच्या कडंला बसवायचे तिला. कापडं वरून टाकायचे. हातात द्यायचे नाय. मी बारकी, दोरा ओवून द्यायचे. गोधडी झाली का ती घरातली बाई तांब्या घेऊन यायची, गोधडीवर पानी शिंपडायची आन् मग उचलून आत न्यायची."

"पाणी?" पूजाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मग. आमचे हात लागलेले ना. हात चालत नव्हते, हातचं काम चालायचं." नवसाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मायनं लय वर्सं बघितलं. एकदा काय केलं, आपल्या नेसत्या लुगड्याची पट्टी टरकावली आन् दोन थरांच्या मधी घातली. वरून टाके. मला म्हनली, 'शिंपडू दे किती शिंपडायचं ते. हिवाळाभर माझं लुगडं पांघरून झोपतीन.' मंग प्रत्येक गोधडीत घालायची. अख्खं गाव झोपायचं तिच्या लुगड्याखाली." त्यांनी संतोषच्या लॅपटॉपकडे बोट केलं. "माया नाय रं बाबा. राग व्हता तो. खोड व्हती माझ्या मायची, राग आला का हसायची. तशीच हसत शिवायची."

रोहिणी खाली पसरलेल्या गोधडीकडे बघत होती. त्या दिल्लीच्या बाईने शिवण उसवून जे बाहेर काढलं होतं, ते हेच. आणि तिने नेमका तोच शब्द लिहिला होता जो त्या तांब्यावाल्या बाईच्या मनात असायचा. इतकी वर्षं गेली, गोठा गेला, तांब्या गेला, शब्द तेवढा राहिला. फक्त आता तो मोबाइलवरून येतो.

"हेच लिहायचं," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "भाऊजी, ती माया काढा आणि हे लिहा. कुसाबाईचं नाव घालून. गोठा, तांब्या, सगळं."

"वेड लागलंय का वहिनी? लोक थंडीची खरेदी करायला येतात, कुणाच्या पापाचा हिशोब ऐकायला नाही. हे कुठेही लिहायचं नाही."

"का? लाज कुणाला वाटायला पाहिजे? शिवणारीला की शिंपडणारीला?"

"बरोबर बोलतीय ती," नवनाथ म्हणाला, आणि उठून बायकोच्या शेजारी येऊन बसला. नव्या कापडाचा विषय त्याचा त्यानेच सोडून दिला होता. "लिही रोहिणी. बघू कोण काय म्हणतंय."

"नाही," लताबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. संतोषने सुटकेचा श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"ते विकायचं नाही," लताबाई म्हणाल्या. "सासूबाईंनी ते आत घातलं. वर नाही घातलं. आतच राहील. आपण काय लुगडं हातात धरून बाजारात उभं राहायचं का, बघा हो बघा, आम्ही किती सोसलं, घ्या एक गोधडी? ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही तिचं रडगाणं करून विकायला निघालात दोघं. एक माया विकतो, एक दुःख विकते."

रोहिणीला कानफटात बसल्यासारखं झालं. सासू बरोबर होती, आणि सासू बरोबर असली की जास्त लागतं.

"बरं आई. मग मी आहे तेच ठेवतो, साधं करतो थोडं," संतोष घाईने म्हणाला.

"थांबा भाऊजी. बाकीचं काय भरलंय ते बघू द्या." रोहिणीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. नाव: लता आजी. आडनाव: रिकामं. ठिकाण: सह्याद्री. तिने पुन्हा वर जाऊन बघितलं. "आडनाव?"

"ते ऐच्छिक आहे."

"आणि नाशिक?"

"शहर घातलं की मजा जाते. ब्रँडिंग असतं वहिनी ते."

"माझ्या कंपनीच्या बिल्ल्यावर आडनाव आहे," नवनाथ म्हणाला. "लाइट बिलावर आहे. बापाच्या पीएफवर होतं. तुझ्या ब्रँडिंगला काय टोचतंय त्यात?"

"दादा, तुला माहीत नाही तिथे कसं असतं."

"कुठे? त्या साइटवर, की तुझ्या सोसायटीत?"

पुण्यात संतोषच्या फ्लॅटच्या दारावर पितळेची सुंदर पाटी आहे. 'संतोष – पूजा', एवढंच. लताबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, बापाचं नाव कुठंय? 'आजकाल अशीच फॅशन आहे आई,' असं उत्तर मिळालं. लताबाईंनी परत विचारलं नाही. पण त्या फ्लॅटवर त्यांनी परत मुक्कामही केला नाही.

"पूजा, तू सांग यांना," संतोष बायकोकडे वळला. "तू तरी सांग."

पूजाने सुई गोधडीत खोचून ठेवली. "काय सांगू? आईंनी मला दिलेली लाल काठाची गोधडी समोरच्या काकूंनी बघितली. किती सुंदर, कुठून घेतली म्हणाल्या. मी म्हणाले, प्रदर्शनातून." ती थांबली. "आईंच्या हातची आहे असं नाही म्हणाले. कुठल्या आई, कुठलं गाव, माहेरचं आडनाव काय, सगळं विचारत बसतात त्या. तुम्हीच म्हणाला होतात, कशाला सांगायचं. त्या दिवसापासून ती गोधडी कपाटात आहे. मला नाही घेता येत अंगावर."

"हे आत्ता कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, सांग."

संतोषचा चेहरा उतरला. रोहिणीला क्षणभर त्याची दया आली, पण तेवढीच. संतोषने मग तेच केलं जे हुशार माणसं अडचणीत करतात. घाई. "हे बघा, नाव-गाव सगळं नंतर बदलता येतं. आज नोंदणीची शेवटची तारीख आहे. आधी दुकान तर उघडू," म्हणत त्याने हात लांब करून बटण दाबलं.

लताबाईंच्या मांडीपाशी पडलेला फोन टिंग वाजला.

"आई, ओटीपी आलाय बघ. कारागिराच्याच नंबरवर येतो. सांग पटकन."

लताबाईंनी फोन उचलला, चष्म्यातून नीट बघितला आणि मांडीखाली सारला. "बँकेतला पोरगा म्हणाला, ओटीपी कोणाला सांगायचा नसतो."

"आई, मी कोण आहे?"

"कोणालाच नाही म्हणाला. पोटच्या पोराला सुद्धा नाही."

नवनाथ तोंडावर हात ठेवून हसायला लागला. लॅपटॉपवर ओटीपीच्या मुदतीचे सेकंद उलटे धावत होते. संपले. संतोषने ओटीपी पुन्हा मागवला. मांडीखाली पुन्हा टिंग वाजलं. लताबाईंनी सुई उचलली आणि टाका घातला, सावकाश, जणू दुपार सगळी त्यांचीच होती.

"आडनाव घाल," त्या म्हणाल्या. "मग सांगते."

"मॅडम मान्य करणार नाहीत."

"विचार तिला. माणूसच आहे ना?"

संतोषकडून नंबर घेऊन फोन रोहिणीने लावला आणि आपलं नाव सांगितलं. स्पीकरवर गोड आवाज आला. हाय रोहिणी, कशा आहात, संतोषजी खूप सांगतात तुमच्याबद्दल. रोहिणीने विचारलं, आडनाव आणि शहर घातलं तर चालेल का?

"चालेल का म्हणजे... आम्ही सहसा नाही सुचवत," आवाज म्हणाला. "आपला कस्टमर आहे ना, त्याला एक आजी हवी असते. कुणाची तरी आजी. नाव-आडनाव आलं की ते थोडं स्पेसिफिक होतं, यू नो. आणि शहर म्हटलं की लोकांना फॅक्टरी वाटते."

"तुमच्या फॉर्ममध्ये आडनावाची जागा आहे का?"

"आहे, पण ऑप्शनल आहे."

"मग आम्ही ती भरतो. गोष्ट आम्ही आमची लिहितो, छोटी. माल तुम्ही बघितलाय. पाहिजे तर सांगा. आणखी दोन ठिकाणं आहेत आमच्याकडे." दोन काय, एकही नव्हतं. रोहिणीने नवऱ्याकडे न बघता हे ठोकून दिलं.

पलीकडे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. मग: "ठीक आहे. गोधड्या खरंच सुरेख आहेत हो. घाला तुम्हाला हवं तसं. मी फक्त सेलचा विचार करत होते."

"तो आम्हीही करतोच आहोत," रोहिणी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने 'आजी' खोडलं. टाइप केलं: लता कचरू गांगुर्डे. ठिकाण: सातपूर, नाशिक.

"आन् माझं?" नवसाबाई पुढे सरकल्या. "माझ्या बी गोधड्या हायेत."

"तुमचं पण घालते आत्याबाई. आडनावासकट. गल्लीतल्या सगळ्यांची घालणार आहे, जिची गोधडी तिचं नाव. आई, गोष्टीत काय लिहू?"

लताबाईंनी दोरा दातांनी तोडला. "लिही. जुन्या सुती साड्यांची गोधडी. हातानं शिवलेली. आत शिवणारीच्या अंगावरच्या साडीचा तुकडा असतो. ज्याला चालत नसेल त्यानं घेऊ नये."

"का असतो, ते?"

"ते घेणाऱ्यानं पांघरून ठरवावं. लुगडं आत, नाव वर. बस."

रोहिणीने लिहिलं, जसंच्या तसं, एक शब्द गोड न करता. दसऱ्यापासून पोटात जळत होतं ते निवलं नव्हतं, पण आता ते तिला हवंसं वाटत होतं. तिने बटण दाबलं. टिंग वाजलं. लताबाईंनी फोन काढला, लांब धरला, चष्मा वर-खाली केला आणि एकेक आकडा मोठ्याने, खणखणीत वाचला, वर्गात उभं राहून पाढे म्हणावेत तसा. दुकान उघडलं. वर नाव, खाली गोधड्यांचा फोटो, आणि त्यात पाठीमागे भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर. तो फोटो रोहिणीनेच काढला होता, संतोषने तसबिरीपाशी कापला होता, तिने पुन्हा पूर्ण चढवला.

संतोष उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. नवनाथने त्याच्याकडे बघितलं, पण टोमणा मारला नाही. धाकट्या भावाला हरताना बघायला त्याला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नसावं.

"ताई," पूजा रोहिणीला म्हणाली, "दुकानाची लिंक पाठवता मला?"

रोहिणीने पाठवली. पूजाने फोनवर काहीतरी टाइप केलं, थांबली, पुन्हा टाइप केलं आणि फोन उलटा करून जमिनीवर ठेवला. मग ओढणी काढली, जुनी सुती, धुऊन धुऊन रंग उडालेली, आणि तिच्या टोकाची एक पट्टी फाडली. कापड फाटल्याचा आवाज झाला तसं लताबाईंनी बघितलं. काही न बोलता गोधडीचा वरचा थर उचलून धरला. पूजाने पट्टी आत सरकवली.

खिडकीशी संतोषच्या खिशात फोन वाजला. लगेच आणखी एकदा. मग लागोपाठ.

त्याने काढून बघितला. बराच वेळ बघत राहिला.

"कोण आहे रे?" लताबाईंनी विचारलं.

"सोसायटीचा ग्रुप." त्याने बायकोकडे बघितलं. ती टाका घालत होती, मान खाली. "पूजाने लिंक टाकलीय. लिहिलंय, माझ्या सासूबाईंचं दुकान."

"मग? काय म्हणतात लोक?"

संतोषचा अंगठा स्क्रीनवर वर-खाली फिरला. भीत भीत शोधत होता तो शब्द त्याला सापडला नसावा, किंवा अजून कोणी लिहिला नसावा. "समोरच्या काकू विचारतायत," तो शेवटी म्हणाला, "पूजाकडे आहे तशी, लाल काठाची मिळेल का."

लताबाईंनी आपल्या साडीचा लाल काठ बोटांत धरून बघितला. अजून कडक होता, खळ गेली नव्हती.

"मिळेल म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण थांबावं लागेल. ती साडी अजून माझ्या अंगावर आहे."